आठ-चाळीसचा तास

माझी मुलगी तिसऱ्या वर्षाला असताना तिचं एक सेमिस्टर वाया गेलं. नातेवाइकांना आम्ही सांगतो की हजेरी कमी पडली म्हणून कॉलेजने परीक्षेला बसू दिलं नाही. ते खरं आहे. हजेरी कमी आहे हे कॉलेजला लेखी कळवणारा माणूस मी होतो, तेवढं आम्ही सांगत नाही. बायको सांगत नाही, कारण तिला माझी लाज वाटते. मुलगी का सांगत नाही, ते मला अजून कळलेलं नाही.

मी केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर आहे. तेविसाव्या वर्षी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून दिल्लीला आलो. नोकरी करता करता अधिकारीपदाची मोठी परीक्षा तीनदा दिली आणि एकदाही मुलाखतीपर्यंत पोचलो नाही. पुढची सगळी वर्षं माझ्याहून लहान असलेल्या अधिकाऱ्यांपुढे फाइली ठेवण्यात गेली. त्याचं मला काही वाटत नाही, असं मी सगळ्यांना सांगत आलो. मुलगी बारावीला उत्तम मार्कांनी पास झाली त्या दिवशी मी मनातल्या मनात तिला त्या अधिकाऱ्यांच्या खुर्चीत बसवून टाकलं. तिला विचारलं नव्हतं.

तिने केमिस्ट्री ऑनर्स घेतलं. मला इतिहास किंवा राज्यशास्त्र चाललं असतं, पुढे परीक्षेला उपयोगी पडतं म्हणून. ती म्हणाली, "बाबा, परीक्षेसाठी विषय नाही घेत कोणी, आवडतो म्हणून घेतात." तेव्हा ती मला अजून 'तू' म्हणायची, तेही लाडाने.

पहिल्या वर्षाच्या शेवटी एकदा जेवताना तिने सांगितलं, "मला जॉब मिळालाय. मुनिरक्यात, लायब्ररीत."

आमचं क्वार्टर आर. के. पुरमला. मुनिरका रस्त्याच्या पलीकडे, पायी पंधरा मिनिटांवर. मी म्हटलं, "तिथे कुठली लायब्ररी?"

"तसली नाही रे. पुस्तकंबिस्तकं काही नसतात. बेसमेंटमध्ये प्लायवूडचे खण केलेत. एक सीट, एक लाइट, एक प्लग. परीक्षेची तयारी करणारे महिन्याने सीट घेतात."

"आणि तू काय करणार?"

"शटर उघडणार. कोण आलं, कोण गेलं लिहिणार. सीट अडवून ठेवल्या तर मोकळ्या करणार. झोपले तर उठवणार."

"झोपले तर उठवणार," मी म्हटलं. "त्यासाठी केमिस्ट्री लागतं का?"

"अहो, जेवू द्या तिला," बायको म्हणाली.

"जेवू दे की. मी विचारतोय फक्त. या घरात तुला काय कमी आहे?"

ती पोळीचा तुकडा मोडत म्हणाली, "कमी काही नाही. मला मागायचं नाहीये."

हे वाक्य मला झोंबलं आणि मी ते उद्धटपणाच्या खात्यावर टाकून मोकळा झालो. आज त्याचा अर्थ लावताना मला माझाच आवाज ऐकू येतो. आमच्या घरात कुणी काही मागितलं की मी आधी विचारायचो, कशासाठी. मग विचारायचो, त्यावाचून अडतंय का. आणि मग म्हणायचो, पुढच्या महिन्यात बघू. ऑफिसात आलेल्या प्रत्येक प्रस्तावाला मी हेच करतो आणि ते मला शिस्तीचं वाटतं. बायकोने पुढे कधीतरी सांगितलं की मुलगी चपला घ्यायच्या झाल्या तरी आधी आईपुढे तीन कारणं म्हणून बघायची, त्यातलं कुठलं बाबांना पटेल ते ठरवायची, आणि मग माझ्याकडे यायची.

जुलैपासून तिचं चक्र सुरू झालं. पहाटे सहाला जाऊन शटर उघडायचं, नऊपर्यंत काउंटरवर बसायचं, तिथूनच बस पकडून कॉलेज. मंगळवारी आणि गुरुवारी पाचपर्यंत प्रॅक्टिकल. इतर तीन दिवशी परत येऊन साडेपाच ते आठ पुन्हा काउंटर. रविवारी सकाळ-संध्याकाळ. तिच्या कपाटाच्या दाराला आतून एक तक्ता चिकटवलेला होता, त्यात बसच्या वेळांसकट सगळं लिहिलेलं. काउंटरवर बसून ती अभ्यास करायची. पोस्टकार्डाएवढ्या कागदांवर एका बाजूला रसायनाची क्रिया, दुसऱ्या बाजूला उत्तर. माणूस आला की कार्ड उलटं ठेवायचं, त्याची नोंद घ्यायची, कार्ड सुलटं करायचं. ती कार्डं बसमध्ये, रांगेत, भाजी निवडताना तिच्या हातात असत.

तिसऱ्या वर्षी या गणितात एक गोष्ट बसेनाशी झाली. आठवड्यातून तीनदा सकाळी आठ-चाळीसला एक तास असायचा, आणि त्या वेळी ती मुनिरक्यात असायची. तो विषय शिकवणाऱ्या बाईंना तिने पहिल्याच आठवड्यात जाऊन खरं सांगितलं होतं. बाई म्हणाल्या होत्या, "ट्यूटोरियल सारे करो, असाइनमेंट टाइम पे दो, बाकी मैं देख लूँगी." आणि त्या बघून घेतही होत्या. हजेरीच्या रजिस्टरात त्या तिची ट्यूटोरियलची हजेरी धरून बेरीज जमवून देत. नियमात बसणारं नव्हतं ते. माणुसकीत बसणारं होतं.

हे मला कसं माहीत? तिनेच मला सांगितलं होतं. त्या सेमिस्टरच्या सुरुवातीला, एका संध्याकाळी, अगदी खुशीत. "बाबा, मॅडम इतक्या भारी आहेत ना यार." मी ऐकून ठेवलं.

तिचे मार्क घसरतील याची मी वाट बघत होतो. प्रत्येक चाचणीनंतर मी सहज म्हणून विचारायचो आणि ती आकडा सांगायची आणि तो चांगला असायचा. एकदा वर्गात दुसरी आली. मी म्हटलं, "पहिली कोण आली?"

घरातलं वातावरण तोवर बिघडलेलं होतं आणि ते बिघडवण्यात माझा हात मोठा होता. ती संध्याकाळी दारात आली की मी पेपरमागून म्हणायचो, "आल्या मॅनेजर बाई." पहाटे तिच्या गिझरच्या आवाजाने झोपमोड होते अशी तक्रार मी सुरू केली. गिझरला आवाज नव्हता. मग ती गार पाण्याने अंघोळ करून जाऊ लागली आणि बायकोने माझ्याशी दोन दिवस अबोला धरला. रविवारी मी मुद्दाम मराठी ओळखीच्या लोकांना चहाला बोलवायचो. त्यांनी "लेक कुठे आहे?" असं विचारलं की म्हणायचो, "नोकरीवर." पाहुणे कौतुकाने "अच्छा, वा" म्हणायचे आणि मी म्हणायचो, "कसलं वा. पोरांच्या पाण्याच्या बाटल्या उचलते."

बाटल्यांचं खरंच होतं. परीक्षेची पोरं सीटवर बाटली ठेवून निघून जात, जागा अडवायला. नियम असा की अर्धा तास माणूस दिसला नाही तर बाटली उचलून काउंटरमागच्या फळीवर ठेवायची आणि सीट दुसऱ्याला द्यायची. त्यावरून रोज भांडणं. लातूर-बीडकडची, तिच्याहून सहा-सहा वर्षांनी मोठी मुलं तिला ताई म्हणत आणि बाटलीसाठी हुज्जत घालत. हे सगळं ती आईला रंगवून सांगायची, स्वयंपाकघरात. मी आत आलो की थांबायची.

मला उत्तर द्यायचं झालं तर एकच शब्द असायचा. "उद्या लवकर येणार का?" "बिल्कुल." "अभ्यास होतोय का?" "बिल्कुल." त्या शब्दाचा मी धसका घेतला होता.

तिसऱ्या वर्षाच्या सप्टेंबरमध्ये आमच्या विभागात एक नवा अधिकारी प्रशिक्षणासाठी आला. मराठी, धाराशिवकडचा, नुकताच निवड झालेला. माझं आडनाव ऐकून तो माझ्या टेबलाशी आला. आमचा सगळा सेक्शन समोर होता.

"सर, मुनिरक्याच्या लायब्ररीत एक ताई आहेत तुमच्या आडनावाच्या. तुमच्या कोणी?"

मी म्हटलं, "मुलगी."

त्याचा चेहरा खुलला. "काय सांगता सर. गेल्या वर्षी मेन्सच्या आधी त्यांनी माझी बाटली तीनदा उचलली होती. तिसऱ्या वेळी म्हणाल्या, 'दादा, बाटली नापास होत नसते, तुम्ही व्हाल.' सर, त्या दिवसापासून मी खुर्ची सोडली नाही. त्यांना माझा नमस्कार सांगा."

पोरगं मनापासून बोलत होतं. पण शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला मराठी थोडं कळायचं. तो हसून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "वाह भाई साहब. आपकी बिटिया दूसरों को अफसर बना रही है. खुद कब बनेगी?" सगळे हसले. तो नवा अधिकारीही हसला, त्याला त्यात काही खुपण्यासारखं दिसलं नाही. मीही हसलो. मग फाइल उघडली आणि एकच परिच्छेद चार वेळा वाचला.

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मी ऑफिसातच बसून पत्र लिहिलं. कॉलेजच्या प्राचार्यांना, इंग्रजीत, आमच्या सरकारी भाषेत. माझी कन्या अमुक वर्गात शिकते. ती अर्धवेळ नोकरी करत असून सकाळच्या तासांना अनुपस्थित राहते, तरी तिची हजेरी पूर्ण दाखवली जाते, असे निदर्शनास आले आहे. कृपया हजेरीच्या नियमांचे काटेकोर पालन व्हावे. शेवटी एक ओळ घातली, की पाठवणाऱ्याचं नाव गोपनीय ठेवावं. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी स्वतः कॉलेजात गेलो, पत्र आवक विभागात दिलं आणि माझ्या प्रतीवर पोचीचा शिक्का घेतला. शिक्का घेतल्याशिवाय कागद द्यायचा नाही, ही माझ्या हाताची सवय.

मला वाटलं होतं काय, तेही लिहायला हवं. मला वाटलं होतं, घरी एक ताकीद येईल. मी ती तिच्यापुढे ठेवीन आणि म्हणेन, बघ. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी नागरिकांची अशी शेकडो पत्रं हाताळली आहेत. 'कृपया नियमांचे पालन व्हावे' असं लिहिलेल्या पत्राचं काय होतं ते मला ठाऊक आहे. त्यावर कुणीतरी 'पाहिले' म्हणून सही करतं, एक मोघम उत्तर जातं आणि कागद फाइलला लागतो. पत्राने कुणाचं काही बिघडत नाही, असा माझा अनुभव होता. माझ्या टेबलावर कधी कुणाचं बिघडलं नव्हतं, किंवा बिघडलं असेल तर मी त्याच्या मागे गेलो नव्हतो.

कॉलेजने ते पत्र वाचलं आणि त्यावर काम केलं. पालक स्वतः लिहितो की हजेरी खोटी दाखवली जाते, म्हटल्यावर त्यांना दुसरा मार्गच नव्हता. आठ-चाळीसच्या बाईंकडे खुलासा मागितला. त्यांनी बेरजा दुरुस्त केल्या. नोव्हेंबरात परीक्षेला बसू न शकणाऱ्यांची यादी लागली आणि तिचं नाव त्यात होतं.

ती घरी आली तेव्हा तिने बॅग खांद्यावरून काढलीच नाही. उभ्या उभ्या आईला म्हणाली, "कोणीतरी कम्प्लेंट केली. लिहून दिलंय. मॅडम रडल्या ग माझ्यासमोर. म्हणाल्या, नाव नाही सांगू शकत, पण आता माझ्या हातात काही नाही."

"कोण करेल असं?" बायको म्हणाली.

"वर्गातलीच असणार कोणीतरी. नाहीतर वरच्या मजल्यावरच्या आंटी, त्यांना सगळ्याची पंचाईत. बाबा, तुला काय वाटतं?"

किती महिन्यांनी तिने मला काही विचारलं होतं. मी म्हटलं, "लोक असतात असे."

त्यानंतरचे चार दिवस ती वर्गातल्या एकेका मुलीवर संशय घेत राहिली. एका मैत्रिणीशी फोनवर भांडली, आणि ती मैत्रीण नंतर पुन्हा जोडली गेली नाही. मी हे सगळं शेजारच्या खोलीतून ऐकत होतो.

मग कॉलेजने एक वाट काढून दिली. ज्यांची हजेरी थोड्याने कमी आहे त्यांनी एक हमीपत्र द्यायचं. विद्यार्थिनी यापुढे कुठेही नोकरी करणार नाही आणि सगळे तास करेल, असं पालकाने लिहून द्यायचं, खाली दोघांच्या सह्या. दुसऱ्या दिवशी दुपारी चार ही शेवटची वेळ. ते दिलं की परीक्षेला बसता येणार होतं.

आम्ही दोघं त्याच दिवशी कॉलेजच्या ऑफिसात गेलो. लांबट खोली, तीन टेबलं, भिंतीला लोखंडी कपाटं. तिथल्या बाबूने छापील फॉर्म दिला आणि तो कपाटातून तिची फाइल शोधायला उठला.

ती मला हळू आवाजात म्हणाली, "सही कर ना. पटकन देऊन टाकू."

"आणि लायब्ररी?"

"तिचं काय? सगळे देतात हे लिहून. कोण बघायला येतंय मुनिरक्यात? पुढच्या सेमिस्टरला आठ-चाळीस नाहीच आहे, माझं सगळं बसतंय."

मी पेन काढलं होतं. ते तसंच धरून म्हटलं, "मी खोटं लिहून देणार नाही. सही करतो, पण मग नोकरी खरोखर सोडायची."

ती माझ्याकडे बघत राहिली. "आत्ता? हे आत्ता काढणार आहेस तू?"

"मग कधी काढू?"

"बाबा, माझं सेमिस्टर जातंय."

"म्हणूनच म्हणतोय. सोड."

तिने फॉर्म पुन्हा वरपासून वाचला. मग म्हणाली, "ठीक आहे. परीक्षा संपेपर्यंत सोडते. मालकाला सांगते, एक महिना दुसरं कोणी बघा."

एवढ्यावर मी सही करायला हवी होती. बापाने तर करायलाच हवी होती. मी म्हटलं, "एक महिना नाही. कायमची."

तेवढ्यात बाबू फाइल घेऊन आला. त्याने ती टेबलावर उघडली, वरचा कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि सहज म्हणाला, "ये लेटर आप ही का है ना, साहब? इसी के ऊपर लगा देता हूँ, रिकॉर्ड पूरा हो जाएगा."

तिने मान वाकवून कागद वाचला. पूर्ण वाचला, शेवटच्या ओळीपर्यंत. मला वाटलं होतं ती ओरडेल. आमच्या घरात ती ओरडायची, दारं आपटायची, आणि त्याला तोंड द्यायची मला सवय होती. ती ओरडली नाही.

"तुमचं आहे," ती म्हणाली. लहानपणापासूनच्या 'तू'चं त्या खुर्चीत 'तुम्ही' झालं आणि ते तसंच राहिलं आहे.

मी म्हटलं, "तुझ्याच भल्यासाठी."

"ठीक आहे. भल्यासाठी. मग आता माझ्या भल्यासाठी इथे सही करा. काही अट न घालता."

बाबू दोघांकडे आळीपाळीने बघत होता. त्याला मराठी कळत नव्हतं, पण काय चाललंय ते कुणालाही कळलं असतं. माझ्या हातात पेन होतं आणि पुढे फॉर्म होता. दोन सेकंदांचं काम. मी काय केलं तर म्हणालो, "सत्तावीस वर्षांच्या नोकरीत मी एकही खोटा कागद केलेला नाही."

ती म्हणाली, "नाव गोपनीय ठेवा, हे लिहिलंय ते खरं आहे ना. तेवढं पुरे."

तिने फॉर्म माझ्या हाताखालून ओढून घेतला आणि बाबूला परत दिला. "नहीं चाहिए, सर. मैं अगले साल दे दूँगी." आणि ती बाहेर गेली. मी जिन्यापर्यंत तिच्या मागे गेलो. हाक मारली नाही. मनात असं होतं की चटका बसू दे, उद्या चारपर्यंत वेळ आहे, येईल आपोआप.

ती घरी आली, आईला सगळं सांगितलं, कपड्यांची एक बॅग भरली आणि मुनिरक्यात लायब्ररीवरच्या मजल्यावर दोन मुलींबरोबर राहायला गेली. मी घरी पोचलो तेव्हा बायको बाल्कनीत उभी होती. ती म्हणाली, "चार दिवस त्या पोरीने या घरात बसून चोर शोधला. तुम्ही पलीकडे बसून चहा पीत होतात." त्या आठवड्यात ती माझ्याशी एवढंच बोलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला मी एकटा कॉलेजात गेलो. फॉर्म मागून घेतला, भरला, सही केली. खोटं लिहून दिलं आणि ते लिहिताना मला काहीही झालं नाही. बाबू म्हणाला, "बच्ची के साइन?" मी म्हटलं, तुम्ही घेऊन तर ठेवा. तो म्हणाला, "साहब, आप तो खुद सरकारी आदमी हैं. अधूरा फॉर्म आप लेते हैं क्या?" मी घेत नाही. आजवर घेतलेला नाही. मी बाहेरच्या बाकावर बसून तिला फोन लावत राहिलो. तिने पहिला कट केला, पुढचे उचलले नाहीत. मग मी बायकोला फोन केला. ती म्हणाली, "मी सांगितलं तिला. ती म्हणते, ती कामावर आहे." चार वाजता बाबूने कपाटाला कुलूप लावलं.

पुढच्या वर्षी तिने ते पेपर एक वर्षाने लहान मुलांबरोबर बसून दिले. मधल्या वर्षात ती लायब्ररीत पूर्ण वेळ होती. आठ-चाळीसच्या बाईंनी तिला त्या वर्षी रिकाम्या तासांना प्रयोगशाळेत येऊ दिलं, असं ऐकलं. ती उत्तम मार्कांनी पास झाली. गुणपत्रिकेचा फोटो तिने आईला पाठवला, आईने मला दाखवला. पुढे एम.एस्सी.ला प्रवेश घेतला, आणि तेही संध्याकाळचं काउंटर सांभाळूनच. घरी ती येते, दिवाळीला, आईच्या वाढदिवसाला. मी खोलीत असलो तर नमस्कार करते. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देते. मला तिने आजवर पुन्हा काही विचारलेलं नाही.

या मार्चमध्ये मी पहिल्यांदा त्या बेसमेंटमध्ये गेलो. सात पायऱ्या उतरून खाली. काउंटरवर ती होती, पुढे एक मोठं पुस्तक उघडं, मागे फळीवर रंगीबेरंगी बाटल्यांची रांग. आत साठ-सत्तर माणसं असतील आणि पंख्याशिवाय आवाज नव्हता. तिने वर पाहिलं आणि अतिशय हळू म्हणाली, "आई ठीक आहे ना?"

"ठीक आहे."

"मग?"

मी घरून वाक्य ठरवून गेलो होतो. म्हटलं, "माझी चूक झाली. तेवढं सांगायला आलोय."

"कोणती?"

मी पत्राबद्दल बोलायला लागलो. तो नवा अधिकारी, सेक्शनमधलं हसणं, माझ्या तीन परीक्षा, सगळं. तिने मधेच हात वर केला. आत कुणीतरी मान वर करून आमच्याकडे बघत होतं.

"पत्राचं मी केव्हाच सोडून दिलंय," ती म्हणाली. "ते तुम्ही रागात लिहिलंत. राग मलाही येतो, तुमचाच आहे तो. पण त्या ऑफिसात तुम्ही रागात नव्हतात. मी परीक्षेपुरती सोडते म्हटलं, तेव्हा तुम्ही थोडा विचार केलात आणि मग 'कायमची' म्हणालात. मी बघत होते तुमच्याकडे. त्याचं काय करायचं ते सांगा."

मी तिच्या मागच्या फळीवरच्या बाटल्या बघत उभा राहिलो. 'कायमची' म्हणताना मला तिची परीक्षा, तिचं वर्ष, काही दिसत नव्हतं. मी जिंकत होतो एवढंच दिसत होतं.

माझ्या मागे पायऱ्यांवर एक मुलगी फॉर्म घेऊन उभी होती. ती म्हणाली, "अंकल, आपका हो गया?"

मी म्हटलं, "हो गया," आणि बाजूला झालो. माझ्या मुलीने तो फॉर्म घेतला, वाचला, आणि तिला हळू आवाजात नियम समजावायला सुरुवात केली. अर्धा तास सीटवर दिसला नाहीत तर सामान उचललं जाईल. कारण काहीही असो.